लॅमिनेटवर वाळलेले रंगाचे शिंतोडे: कोमट पाणी, स्पिरिट, टर्पेंटाइन की अ‍ॅसिटोन?

शहाबादी फरशीवर रंग सांडला तर आपल्याकडे कुणी फारसं मनावर घेत नाही. रंगारी जाता जाता लोखंडी पट्टीने खरवडतो, वर बादलीभर पाणी ओततो आणि काम संपतं. आता लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये बेडरूमला लॅमिनेट बसवलेलं दिसतं, पण शिंतोडे काढायची पद्धत मात्र तीच जुनी राहिली आहे. लॅमिनेटचं नुकसान रंगापेक्षा त्या पद्धतीनेच जास्त होतं.

लॅमिनेटच्या फळीत वर मेलामाइनचा पारदर्शक थर असतो, त्याखाली लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि त्याखाली लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड. फळी 8 किंवा 12 मिलिमीटर जाड असली तरी चित्रावरचा थर अगदी पातळ असतो. कोटा फरशीसारखं घासून पॉलिश मारणं इथे शक्य नाही. ओरखडा पडला की तो राहतो, आणि सांध्यातून पाणी आत गेलं की बोर्ड फुगतो आणि कडा वर येतात. वाळल्यावरही त्या पूर्ववत बसत नाहीत. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे: वरचा थर काहीच शोषत नसल्यामुळे रंग आत मुरत नाही, नुसता वर बसलेला असतो.

उपाय निवडण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, तुमची जमीन नक्की लॅमिनेटच आहे का. दुकानात लॅमिनेट आणि व्हिनाइल दोन्ही ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणून विकलं जातं. दाराच्या उंबऱ्याजवळची पट्टी सैल असेल तर फळीची कड पाहा. आत तपकिरी भुसा दिसला तर लॅमिनेट, सगळं प्लास्टिक दिसलं तर व्हिनाइल. व्हिनाइलवर अ‍ॅसिटोन किंवा थिनर लावला की पृष्ठभागच विरघळतो, म्हणून ही तपासणी टाळू नका.

दुसरी, रंग कोणता. डिस्टेंपर आणि प्लास्टिक इमल्शन पाण्यातले रंग. दारं, खिडक्या, ग्रिल यांना लागतो तो ऑइल पेंट. खोलीत काय रंगवलं होतं ते आठवत नसेल तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून ठिपक्यावर थोडा वेळ घासा. रंग बोळ्यावर उतरला तर तो पाण्यातला. काहीच हललं नाही तर ऑइल पेंट समजून चाला.

पाण्यातल्या रंगासाठी माझा कौल निःसंशय कोमट पाणी आणि प्लास्टिकचं कार्ड यांना. जुनं एटीएम कार्ड चालतं. फडका कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा, ठिपक्यावर पाचेक मिनिटं ठेवा आणि कार्ड जवळजवळ आडवं धरून कडेकडून सरकवा. पुष्कळदा ठिपका पापुद्र्यासारखा अख्खा निघतो. याला खर्च नाही, वास नाही, जमिनीला धोकाही नाही. वेळ मात्र लागतो, आणि पूर्ण खोलीभर शिंतोडे असतील तर तो चांगलाच लागतो. आपल्या भागात आणखी एक काळजी घ्यावी. बोअरचं पाणी जड असतं, गडद रंगाच्या लॅमिनेटवर त्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

कार्डाला दाद न देणाऱ्या डिस्टेंपर-इमल्शनसाठी स्पिरिट. मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. सॅनिटायझरही चालतो, पण जेलचा चिकटपणा मागे राहतो. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात स्पिरिट काम करायच्या आतच उडून जातं. त्यावर सोपा उपाय म्हणजे भिजलेला बोळा ठिपक्यावर ठेवून वर स्टीलची वाटी पालथी घालायची, दोन मिनिटांनी काढून कार्ड फिरवायचं.

खरी अडचण ऑइल पेंटची. इथे रंगारी हमखास म्हणतो, “टर्पेंटाइन मारा काकू, निघून जातं.” रंग ओला असेपर्यंत त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण ऑइल पेंट वाळतो तो नुसता उडून नव्हे, तर हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. एकदा तसा झाला की टर्पेंटाइनमध्ये तो पुन्हा विरघळत नाही. काल-परवा पडलेल्या ठिपक्यावर टर्पेंटाइन करून पाहायला हरकत नाही, महिन्याभराच्या ठिपक्यावर मात्र नुसता तेलकट डाग आणि वास उरतो.

वाळलेल्या ऑइल पेंटला अ‍ॅसिटोन लागू पडतो. तो रंगाला फुगवून सैल करतो, मग कार्डाने उचलता येतं. लॅमिनेटचा मेलामाइन थर थोडा वेळ त्याला तोंड देऊ शकतो, तरी आधी पलंगाखालच्या किंवा कपाटामागच्या कोपऱ्यात लावून पाहा. बोळा निथळता नको, सांध्यावर नको आणि मिनिटभरापेक्षा जास्त नको. नंतर ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर घेणार असाल तर बाटलीवर वाचा, काहींमध्ये अ‍ॅसिटोन नसतो. थिनरनेही काम होतं, पण त्यात काय काय मिसळलंय ते कंपनीगणिक बदलतं आणि वाफा जास्त त्रासदायक असतात. घरात लहान मूल किंवा दम्याचा माणूस असेल तर मी थिनर आणूच देणार नाही. अ‍ॅसिटोन, स्पिरिट, टर्पेंटाइन तिन्ही पेट घेतात. खिडक्या उघडा, गॅस बंद करा, देवघरातली समई शांत होईपर्यंत बाटली उघडू नका.

पुट्टीचे पांढरे ठिपके वेगळे. त्यात सिमेंट असतं आणि सुटणारी रवाळ भुकटी लॅमिनेटवर चरे पाडते. आधी कार्डाने ठिपका उडवा, भुकटी मऊ ब्रशने उचला आणि मगच ओला फडका लावा. टॉयलेटचं अ‍ॅसिड नको. शहाबादी चुनखडीची असल्यामुळे तिलाही ते खातं, आणि लॅमिनेटच्या सांध्यात गेलं तर बोर्ड खराब होतो.

तारेची घासणी, ब्लेड आणि रंगाऱ्याची लोखंडी पट्टी या तिन्ही गोष्टी खोलीबाहेर ठेवा. मॅजिक इरेझर नावाचा पांढरा स्पंज निरुपद्रवी दिसतो, पण तो बारीक सँडपेपरसारखाच चालतो. चकचकीत लॅमिनेटवर त्याने मंद पडलेला पट्टा उजेडात उठून दिसतो. मॅट फिनिशवर एखाद्या ठिपक्यापुरता हलक्या हाताने वापरता येईल.

एखाद्या फळीवर आधीच खोल चरा गेला असेल तर तिथे रसायनं ओतण्यात अर्थ नाही. त्याच छटेचं रिपेअर वॅक्स भरा, किंवा बसवताना उरलेल्या फळ्या माळ्यावर असतील तर कारागिराकडून तेवढी एक बदलून घ्या. फळ्या एकमेकींत अडकवलेल्या असल्याने भिंतीजवळची बदलणं सोपं जातं, खोलीच्या मधली बदलायची तर भिंतीपासून तिथपर्यंतच्या ओळी उकलाव्या लागतात.