क्वेस्ट एअरलॉक: पाचपैकी पाच स्टार, जागेसाठी फक्त तीन

30 जानेवारी 2025 ला सुनीता विल्यम्सचा स्पेसवॉक लाइव्ह बघितला आणि तेव्हापासून या क्वेस्टच्या प्रेमातच पडलोय. हा म्हणजे आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनमधून बाहेर अंतराळात जायचा एअरलॉक, आतली हवा न घालवता बाहेर पडायची जागा. 2001 पासून स्टेशनला जोडलेला, खोल्या दोन, मोठीत सूट चढवायचा, मग छोटीत शिरून आतली हवा काढायची आणि तेव्हाच बाहेरचं दार उघडायचं. पण खरी कमाल आधीच्या तयारीची, सूटमधलं प्रेशर स्टेशनच्या एक तृतीयांशाहूनही कमी, तयारीशिवाय बाहेर गेलं तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होणार, म्हणून आधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घ्यावा लागतो. आणि दारावरचं ते पांढरं कापडी झाकण बाजूला झालं ना, अंगावर काटाच आला! जागा मात्र अरुंद, दोन सूट जेमतेम मावतात.