हरिश्चंद्रगडाला ऑक्टोबरात: बूट की फ्लोटर्स?

परतीच्या पावसाचा भरवसा नसतो. अंदाजात 'तुरळक सरी' म्हटलेलं असतं आणि पाचनईहून चढताना दुपारीच आभाळ फाटतं.

बुटांची किंमत उतरताना कळते. अंगठा दगडावर ठेचत नाही, वाढलेल्या गवतातून बिनधास्त चालता येतं. पण एकदा ओढ्यात पाय बुडाला की आतला स्पंज पाणी धरूनच ठेवतो. मुक्कामी वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, दोनदा बदलले, तरी सकाळी बूट ओलसरच. त्यात ओला मोजा टाचेवर घासला की फोड आलाच.

फ्लोटर्समध्ये पाणी आलं तसं निघून जातं. केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उतरायचं असेल तर पट्टा सोडला की झालं. त्रास खड्यांचा, सारखा पाय झटकावा लागतो.

शेवाळावर दोन्ही घसरतात. तळ गुळगुळीत झालेला जोड कुठलाही असो, घरीच ठेवा.

पाचनईच्या वाटेला मी टाचेमागे पट्टा असलेले फ्लोटर्सच घालते आणि मुक्कामासाठी कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेते. नळीच्या वाटेने जाणार असाल तर मात्र बूटच घाला. तिथे सगळे दगडधोंडे. बूट भिजले तर भिजले, पाय शाबूत राहतात.