व्हिएन्ना की प्राग? आजी-आजोबा आणि मुलांसह शनिवार-रविवार

जून उजाडला की म्युनिकमधल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. आई-बाबा तीन महिन्यांसाठी आलेत, मुलांची शाळा चालू आहे, मग शनिवार-रविवारी त्यांना न्यायचं कुठे? बहुतेकांची गाडी शेवटी व्हिएन्ना किंवा प्रागवर येऊन थांबते. आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो. दोन्ही वेळा सहाजण होतो: आम्ही दोघं, सत्तरीतले आई-बाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि बाबागाडीतला तीन वर्षांचा मुलगा. माझं मत आधीच सांगते. कोणतं शहर जास्त सुंदर, यावर वाद घालत बसू नका. घरात सगळ्यात हळू कोण चालतं ते बघा आणि त्यावरून ठरवा.

कारण प्रागमध्ये पहिला सामना पायाखालच्या दगडांशी होतो. जुन्या भागात जिकडेतिकडे दगडी फरसबंदी आहे. बाबागाडीची चाकं तिच्यावर धडधडतात, आणि आईच्या गुडघ्यांनी शनिवारी दुपारीच हात टेकले. चार्ल्स पूल ५१६ मीटर लांब, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे, बांधकामाची सुरुवात १३५७ सालची. सकाळी आठच्या आत गेलात तर पूल तुमचा. अकरा वाजता तिथे बाबागाडी पुढे सरकत नाही. किल्ल्यावर खालून चढत जाण्याचा हट्ट धरू नका. २२ नंबरची ट्राम थेट वर सोडते, मग सावकाश उतरत यावं. फक्त एक लक्षात ठेवा, काही ट्राम अजून जुन्या आहेत आणि त्यांच्या पायऱ्या उंच आहेत. आईला चढताना दोन्ही बाजूंनी धरावं लागलं.

दोन दिवसांचा क्रमही नीट लावावा लागतो. किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना बंद असतं, दुपारी उघडतं. ज्यू वस्तीतली सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, शनिवारी बंद. म्हणून शनिवारी किल्ला, रविवारी ज्यू वस्ती. उलटं केलंत तर शनिवारी सिनेगॉगच्या आणि रविवारी सकाळी कॅथेड्रलच्या दारावरून परत फिराल.

तरीही प्रागचं नाव काढलं की बाबांचा चेहरा खुलतो, तो तिथल्या घड्याळामुळे. जुन्या चौकातलं हे खगोलीय घड्याळ १४१० सालचं आहे. सकाळी नऊपासून दर तासाला सांगाड्याची मूर्ती दोरी ओढते, खिडक्यांतून येशूच्या शिष्यांच्या मूर्ती सरकतात, शेवटी कोंबडा आरवतो. हे सगळं मिनिटभरात आटोपतं आणि गर्दी पांगते. बाबा मात्र हलले नाहीत. घरी रोज पंचांग बघणारा माणूस. त्यांना तबकडीवर राशी दिसल्या, सूर्य कोणत्या राशीत आहे ते दिसलं, चंद्राची कला दिसली. दिवस जूनअखेरचे होते. ते म्हणाले, "आपल्या पंचांगात सूर्य अजून मिथुनेत आहे आणि हे कर्केत दाखवतंय. म्हणजे हे सायन आहे." मग नातीला जवळ घेऊन त्यांनी अर्धा तास सायन-निरयन समजावलं: सायन म्हणजे राशी वसंतसंपातापासून मोजायच्या, निरयन म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून, जसं आपलं पंचांग. बाहेरच्या कड्यावर जुने चेक तास आहेत, ते सूर्यास्तापासून मोजतात. आपला दिवस सूर्योदयापासून, हेही त्यात आलं. त्या अर्ध्या तासासाठी मी प्रागला पुन्हा जाईन.

मुलांसाठी तिथे आणखी दोन जागा मनापासून सुचवते. राष्ट्रीय तंत्रज्ञान संग्रहालयात एकाच भव्य दालनात खाली वाफेची इंजिनं आणि जुन्या मोटारी, वर टांगलेली विमानं. आणि व्लतावा नदीतल्या पायडलच्या बोटी.

व्हिएन्नात सोय आहे, आणि तीन पिढ्या बरोबर असताना सोयीचं मोल फार असतं. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनवर लिफ्ट आहे. नळाचं पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचं, १८७३ पासून नळाने शहरात येतं. बाटल्या भरून घ्या आणि निघा. सरकारी मोठ्या संग्रहालयांत १९ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. त्यामुळे निसर्गेतिहास संग्रहालयात मुलगा डायनासोर बघून तासाभरात कंटाळला तरी पैसे वाया गेल्याची चुटपुट लागत नाही.

पण खरा निकाल शॉनब्रुनमध्ये लागतो. महाल, बाग आणि १७५२ सालचं प्राणिसंग्रहालय, जगातलं आजही चालू असलेलं सर्वांत जुनं, हे सगळं एकाच आवारात आहे. आई-बाबा महालात गेले, आम्ही मुलांना घेऊन पांडांकडे, आणि दुपारी सगळे बागेतल्या बाकावर डबा उघडून बसलो. कुणाला कुणासाठी ताटकळावं लागलं नाही. महालाचं तिकीट वेळेचं असतं, ते घरूनच काढा. टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या वास्तूपर्यंत चढ आहे, तो आईने खालूनच पाहिला. संध्याकाळी प्राटर या करमणूक उद्यानातला १८९७ चा आकाशपाळणा: बंद डबे, संथ गती, आजीसुद्धा बिनधास्त बसली. रविवारी मात्र दुकानं बंद असतात. मुलाचं दूध, फळं शनिवारीच घ्या.

प्रवासात व्हिएन्ना सरस आहे. थेट रेल्वेने चार तास. प्रागची गाडी साडेपाच-सहा तास घेते, म्हणून तिकडे मोटारीने जावं. चेक महामार्गाचा ऑनलाइन टोल आधी भरायला विसरू नका. खर्चात प्राग हलकं. हॉटेल, जेवण दोन्ही स्वस्त, आणि ट्राम-मेट्रोला १५ वर्षांखालच्या मुलांना व ६५ वर्षांपुढच्यांना तिकीट नाही, फक्त वयाचा पुरावा जवळ हवा. तिथे युरो नव्हे, कोरुना चालतात. रस्त्यावरच्या दुकानांत पैसे बदलू नका, कार्ड वापरा.

शाकाहारी माणसाचं दोन्हीकडे निभावतं. प्रागमध्ये ब्राम्बोराक मागवा, आपल्या बटाट्याच्या थालीपिठाचा चुलतभाऊ, लसूण घातलेला. त्यात अंडं असतं, चालत नसेल तर आधी सांगून ठेवा. व्हिएन्नात चीजचे श्पेत्झले, म्हणजे पिठाच्या मऊ, जाडसर शेवया, आणि सफरचंदाचा श्ट्रुडेल, म्हणजे सारण भरून भाजलेली गोड गुंडाळी. आईच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन्ही शहरांत कामी आली.

आई-बाबांचे पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा. दोन्ही देश शेंगेनमधले, म्हणजे आपापसात सीमेवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटातले, असले तरी परतताना जर्मन सीमेवर पोलीस तपासणी करतात. व्हिएन्नाहून येताना आमचे पासपोर्ट वरच्या बॅगेत तळाशी होते. भर डब्यात बॅग रिकामी करताना आई फार घाबरली, आणि ते मला अजून लागून राहिलंय.

पुढच्या जूनमध्ये सासू-सासरे येतायत. सासऱ्यांना चढ झेपत नाही, म्हणून व्हिएन्नाला जायचं पक्कं केलंय. प्रागला पुन्हा जाऊ, ते मुलगा बाबागाडीतून उतरला की, आणि बाबा बरोबर असतील तेव्हा.