डबीवर ०.६७ ग्रॅम, काट्यावर ०.५४

गेल्या वर्षी रब्बीची ज्वारी काढून झाल्यावर औशाकडचे आमचे रान मोकळे झाले आणि विहिरीच्या कठड्यापासून पलीकडच्या मातीच्या बांधापर्यंतचे सुमारे ४५ मीटरचे अंतर नेमबाजीच्या सरावाला उत्तम आहे, असे माझ्या मनाने घेतले. लातुरातील घराच्या गच्चीवर मी चार वर्षे १० मीटरवर एअर रायफल चालवत होतो. रायफल साधी, नळी खाली वाकवून स्प्रिंग दाबायची, ४.५ मिलिमीटर व्यासाच्या नळीची आणि छर्ऱ्याला २० ज्यूलच्या आत ऊर्जा देणारी, म्हणजे जिला परवाना लागत नाही अशी होती. छर्रे ०.५३ ग्रॅमचे वापरत असे. लांबवर जड छर्रा चांगला, एवढे अर्धवट ज्ञान मला होते, आणि माझी फसवणूक नेमकी त्या अर्धवटपणावर झाली.

मराठवाड्यातल्याच एका शहरातील विक्रेत्याचा क्रमांक ओळखीतून मिळाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवल्यापासून आपल्याकडे त्या अंतराचे आकर्षण वाढले आहे आणि या गृहस्थांनी ते पुरते हेरले होते. "सर, पन्नास मीटरवाले हेच वापरतात, एकेक छर्रा वजन करून निवडलेला आहे," असे त्यांनी मला सांगितले. वास्तविक ५० मीटरच्या त्या स्पर्धेत दारूचे काडतूस वापरणारी पॉइंट टू टू (०.२२ इंच व्यासाची) रायफल असते, तिची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि एअर रायफलची ऑलिंपिक स्पर्धा फक्त १० मीटरवर होते. हे मला ठाऊक असूनही त्या क्षणी आठवले नाही. ०.६७ ग्रॅम असे छापलेल्या, ५०० छर्ऱ्यांच्या चार परदेशी डब्या प्रत्येकी १,८५० रुपयांना घेतल्या. पैसे मोबाइलवरून एका खासगी व्यक्तीच्या नावावर गेले. पावती मी मागितली नाही. डबीवर आयातदाराचे नाव व पत्ता नव्हता, कमाल किरकोळ किंमतही नव्हती. आयात केलेल्या वेष्टित मालावर या दोन्ही गोष्टी छापणे कायद्याने बंधनकारक आहे.

गच्चीवर १० मीटरला हे छर्रे नेहमीसारखेच लागले, त्यामुळे माझी खात्री पटली. शेतात मात्र पहाटे, वारा पूर्ण पडलेला असताना, टेकूवर रायफल ठेवून मारलेले दहा छर्रे कागदावर उभ्या रांगेत पसरले. आडवा विस्तार जेमतेम तीन सेंटिमीटर आणि उभा आठ! वाऱ्याचा दोष असता तर छर्रे डावी-उजवीकडे गेले असते. उभ्या पसरण्याचा अर्थ वेगातील फरक हा आहे, हे मला आज कळते. तेव्हा मी स्वतःच्या श्वासाला दोष दिला, मग वयाला, मग चष्म्याला.

विक्रेत्याने दोष रायफलीला दिला. जड छर्ऱ्याला तुमची स्प्रिंग पुरत नाही, नवी टाकावी लागेल, असे म्हणून त्याने रायफल ठेवून घेतली आणि २,४०० रुपये घेतले. परत देताना त्याने वेग मोजणाऱ्या यंत्रातून माझ्यासमोर छर्रा मारून दाखवला. आधी ०.५३ ग्रॅमच्या छर्ऱ्याने सेकंदाला २३५ मीटर वेग दिसला होता, आता २८५ दिसला. मी आनंदाने घरी आलो. त्याने दुसऱ्या वेळी नळीत कोणता छर्रा घातला, हे विचारायचे मला सुचले नाही. खरे तर तो छर्रा पांढुरका आणि चकाकणारा होता, म्हणजे शिशाचा नव्हताच, हलक्या मिश्रधातूचा होता. असा छर्रा सुमारे ०.३५ ग्रॅमचा धरला तर वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून ऊर्जा १४.२ ज्यूल येते आणि आधीच्या ०.५३ ग्रॅमच्या छर्ऱ्याची १४.६ येते. म्हणजे दुरुस्तीनंतर रायफलीची ताकद तसूभरही वाढलेली नव्हती. खोक्यांवर छापलेले मोठमोठे वेगाचे आकडेही बहुधा अशाच हलक्या छर्ऱ्यांचे असतात. शिवाय असा छर्रा पुढे हवेत लवकर मंदावतो, त्यामुळे लांबच्या नेमाला त्या वेगाचा उपयोग होत नाही.

संशय आला तो शेतातला विस्तार जराही कमी न झाल्यामुळे. मी एका परिचित सराफाकडे गेलो, कारण मिलिग्रॅमपर्यंतचा काटा दुसरीकडे कुठे मिळणार? "सर, शिसं तोलायला आलेलं पहिलंच गिऱ्हाईक बघा तुम्ही," म्हणून ते हसले, पण दुपारच्या निवांत वेळी त्यांनी पन्नास छर्रे एकेक करून तोलून दिले. डबीप्रमाणे पन्नासांचे वजन ३३.५ ग्रॅम भरायला हवे होते, भरले २७.२. सरासरी ०.५४ ग्रॅम. सर्वांत हलका ०.५१, सर्वांत जड ०.६०. ०.६७ चा एकही नाही. त्यात दोन वेगवेगळ्या घडणीचे छर्रे होते, काहींचा मागचा घेर चेपलेला होता आणि काहींवर साच्याची रेघ स्पष्ट दिसत होती. देशी, स्वस्त माल परदेशी डबीत भरलेला होता.

मग १० मीटरवर हे लपले कसे? रायफल प्रत्येक छर्ऱ्याला साधारण तेवढीच ऊर्जा देते, म्हणून जड छर्रा हळू सुटतो आणि लक्ष्यापर्यंत पोचताना अधिक वेळ पडत राहतो. पडण्याचे अंतर लागलेल्या वेळेच्या वर्गाबरोबर वाढते. १० मीटरला छर्रा नळीच्या रेषेपासून जेमतेम एक सेंटिमीटर खाली येतो, तर ४५ मीटरला, वाटेत वेगही घटत असल्याने, २३-२४ सेंटिमीटर. हलक्या आणि जड छर्ऱ्यांत सुमारे १७ टक्के फरक असेल तर पहिल्या ठिकाणी तो दीड मिलिमीटर दिसतो, आणि साडेचार मिलिमीटरच्या भोकात तो कोणाच्या लक्षात येणार! दुसऱ्या ठिकाणी तोच फरक तीन ते चार सेंटिमीटर होतो. उरलेला विस्तार चेपलेल्या घेराचा, आणि थोडा माझाही. खरा, एकसारखा जड छर्रा वाऱ्याला कमी भुलतो हे खोटे नाही, पण साध्या स्प्रिंगच्या रायफलीत तो फार संथ सुटतो आणि अधिक पडतो, त्यामुळे प्रत्येक रायफलीला कोणता वजनगट मानवतो हे मारूनच ठरवावे लागते. मिलिग्रॅमचा काटा नसेल तर शंभर छर्रे एकत्र तोलून भागाकार केला तरी सरासरीचे खोटे उघडे पडते. आतील विषमता मात्र एकेक तोलल्याशिवाय कळत नाही.

विक्रेत्याला आकडे कळवले तेव्हा उघडलेली डबी परत घेत नाही, असे उत्तर आले. न उघडलेल्या दोन परत घ्या म्हटल्यावर उत्तर आलेच नाही. पुढे दुसऱ्या कारागिराने रायफल उघडली, तेव्हा आत जुनीच स्प्रिंग जुन्याच काळ्या ग्रीससह बसलेली होती. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मी तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यामुळे तिकडचा अर्जही तयार केला आहे. अर्जाला पैसे भरल्याचा मोबाइलवरील पुरावा, उभ्या रांगेत भोके पडलेला तो कागद आणि सराफांनी दुकानाच्या चिठ्ठीवर लिहून दिलेली पन्नास वजने जोडली आहेत. पावतीच्या रकान्यात मात्र "नाही" असेच लिहावे लागले.