कोपऱ्यातला नमुना

सोलापुरात संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, होम मैदानाजवळ टेबल टाकून कीचेन विकायच्या, एवढाच माझा बेत. सिद्धेश्वराचं मंदिर, मागे सात नंदीध्वज. छापलेला कागद ३ मिलीमीटर एमडीएफवर, म्हणजे दाबून केलेल्या लाकडी फळीवर, चिकटवून लेझरनं कडेकडेनं कापायचा. चित्र मीच कोरलड्रॉमध्ये केलं. १२ बाय १८ इंची शीटवर सहा रांगा, प्रत्येकीत ८ नग, म्हणजे ४८. अशी १० शीट.

लेझरवाला शहरातलाच. "कॅमेरावालं मशीन आहे ताई, प्रिंट बघून आपोआप कापतंय. टेन्शनच घेऊ नका ओ!" कॅमेरा सेटिंगचे १,५०० वेगळे. दुसऱ्या दिवशी नमुना हातात दिला. कळस बरोब्बर मधोमध, भोवती सारखी २ मिलीमीटरची कड. मी खूश. तिथंच फोनवरून ८,००० ॲडव्हान्स पाठवले. पावती म्हणून वहीचं फाडलेलं पान मिळालं आणि मी तेही घडी घालून पर्समध्ये ठेवलं, इतकी मी शहाणी.

माल आला ११ जानेवारीला संध्याकाळी. खोक्यातला वरचा थर सुरेख. त्याखालच्या कीचेन काढायला लागले आणि पोटात गोळाच आला. एकीचा कळस अर्धा कापलेला. दुसरीत खालच्या नगाच्या कळसाचं टोक हिच्या पायरीखाली डोकावतंय. काहींना तर देऊळच वर सरकलेलं आणि खाली बोटभर पांढरी पट्टी.

फोन केला तर सूर बदललेला. "तुमची फाईलच चुकीची हाय. मशीन खोटं बोलत नसतंय."

माझा मावसभाऊ एमआयडीसीत साइनबोर्डचं काम करतो. तो म्हणाला, कापून उरलेली जाळी आहे का? होती. खोक्याच्या तळाशी पॅकिंग म्हणून लेझरवाल्यानं तीच कोंबली होती. फाईलच्या कडेला मी सवयीनं १०० मिलीमीटरची एक रेघ टाकलेली असते. पोराच्या कंपासमधली पट्टी लावली. ९७ भरली.

मग सगळं उलगडलं. छापताना प्रिंटरच्या खिडकीत 'ॲक्च्युअल साइझ' निवडायचं सोडून 'फिट' ठेवलेलं, त्यामुळे छपाई तीन टक्के आक्रसली. लेझरला मात्र फाईल पूर्ण मापाची. शीट मशीनच्या बेडच्या कोपऱ्याला टेकवून ठेवलं की त्या कोपऱ्यातला नग जवळजवळ बरोबर येतो, कारण चूक तिथूनच मोजायला सुरुवात होते. पुढं दर १०० मिलीमीटरला ३ मिलीमीटर वाढत जाते. १८ इंच म्हणजे ४५७ मिलीमीटर, तेव्हा टोकाला तेरा-चौदा मिलीमीटरचा घोळ. कटिंग नुसतं सरकलं असतं, तर सगळे नग एकाच बाजूला सारखेच चुकले असते. इथं चूक वाढत गेलीय, म्हणजे माप चुकलंय.

आणि मला दाखवलेला नमुना? कोपऱ्यातला. खोक्यातला वरचा थरही त्याच बाजूच्या नगांचा.

चिडायला होतं ते याचं, की कॅमेरा नसता तरी चाललं असतं. शीटच्या कोपऱ्यांत मी अधिक चिन्हाच्या (+) खुणा दिल्या होत्या. लेझरचा लाल ठिपका एका खुणेवर आणून नोंदवायचा, मग समोरच्या कोपऱ्यातल्या खुणेवर. लाइटबर्नसारखं सॉफ्टवेअर त्या दोन बिंदूंवरून तिरकेपणा काढतं आणि स्केलिंगचा पर्याय निवडला की मापही जुळवून घेतं. पाच मिनिटांचं काम. भाऊ मशीन बघायला गेला, तर त्यावर कॅमेरा नव्हताच. "दुरुस्तीला दिलाय" म्हणे. बसवायची जागासुद्धा कोरी होती!

पैसे परत मागितले, तर आता फोन उचलत नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, सांगायचं म्हटलं तरी दाखवायला बिल कुठंय? ते फाडलेलं पान, त्यावर ना नाव ना तारीख.

तुम्ही असं काम देणार असाल तर नमुना एकटा घेऊ नका. पूर्ण शीट कापून मागा आणि आधी उचला तो सुरुवातीच्या कोपऱ्यापासून सगळ्यात लांबचा नग. फाईलमध्ये आडवी आणि उभी अशा दोन रेघा टाका आणि छापील शीटवर त्या स्वतःच्या पट्टीनं मोजा, तीही लाकडावर चिकटवायच्या आधी. "कॅमेरा आहे का" विचारलं तर होच म्हणतील; "खुणा कशा पकडता, दाखवा" म्हणा आणि तिथंच उभ्या राहा. ॲडव्हान्स त्यानंतर, तोही बिलावर.

४८० पैकी विकण्याजोग्या ७३ निघाल्या. गड्ड्यात त्या दोन दिवसांत संपल्या. परवा त्या माणसाच्या स्टेटसला माझ्याच कीचेनचा फोटो होता, 'कॅमेरा कटिंग, परफेक्ट फिनिशिंग' असं लिहून.