विमान-अंतराची कॅल्क्युलेटर: किलोमीटर पक्के, तास कच्चे

दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि वेळ सांगणारी ही ऑनलाइन साधनं काही महिने सतत वापरल्यावर मत पक्कं झालंय: अंतर खुशाल घ्या, वेळ मात्र तपासून घ्या.

अंतर बृहद्वृत्तावर, म्हणजे गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेनं मोजतात. पृथ्वीची त्रिज्या सहसा ६,३७१ किमी धरलेली असते. पृथ्वी ध्रुवांकडे जराशी चपटी, म्हणून फार तर अर्ध्या टक्क्याची चूक येते. १०,००० किमीला ५० किमी, उड्डाणाच्या भाषेत तीन-चार मिनिटं. सोडून द्या.

घोळ होतो तो एककांत. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके हे अंतर साधारण ५,५४० किमी, म्हणजे २,९९० सागरी मैल. हाच आकडा साधे मैल समजून १.६०९ नं गुणलात तर सातशेवर किलोमीटर गायब! सागरी मैलाला १.८५२ नं गुणायचं. शहराच्या नावाऐवजी विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे (एसजेसी) आणि कोस्टा रिकातही (एसजेओ).

आता वेळ. बरीच साधनं ताशी ८००-८५० किमी वेग धरतात आणि चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवतात. वरच्या मार्गाला त्यातून सुमारे सात तास निघतात, जाताना तेवढेच आणि येतानाही तेवढेच. इथेच पाणी मुरतं. त्या पट्ट्यात जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी आणि वारा १०० धरला, तर जमिनीच्या हिशेबानं लंडनकडे जाताना १,००० आणि परतताना ८००. नुसत्या हवेतल्या प्रवासातच जवळपास दीड तासाचा फरक, आणि हिवाळ्यात वारा याहून जोरात असतो. वेळापत्रकातली वेळ गेट ते गेट असते, त्यामुळे धावपट्टीपर्यंतची रांगही त्यात धरलेली असते. छोट्या मार्गांवर साधनाची वेळ हमखास कमी दिसते ती बहुधा याच कारणानं.

बंद हवाई हद्द तर या साधनांच्या गावीही नसते. २०२२ मध्ये रशियानं युरोपीय कंपन्यांना आकाश बंद केल्यावर हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेला. कॅल्क्युलेटरवर अंतर आहे तेवढंच.

तिकिटावरच्या स्थानिक वेळा वजा करून प्रवासाचा वेळ काढत असाल तर मार्चमध्ये जपून. उन्हाळ्यासाठी अमेरिकेत घड्याळं दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात, युरोपात शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन-न्यूयॉर्क फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो. ऑक्टोबरअखेरीसही आठवडाभर तेच. त्यापेक्षा दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बदलून वजाबाकी करा.