आठ महिने वापरलेला घरगुती स्टुडिओ किट: लाइट चांगला, नॉबला शून्य

साठ वॉटचा एलईडी लाइट, नव्वद सेंटीमीटरचा ऑक्टा सॉफ्टबॉक्स (लाइटवर चढवायची, उजेड मऊ करणारी आठकोनी कापडी छत्री), दोन स्टँड, मागं टांगायला एक पांढरं कापड. हाच माल चार-पाच नावांनी विकला जातो, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. मी नोव्हेंबरात ७,८०० ला घेतला. आज लिहायला बसले ते एका काळ्या प्लास्टिकच्या नॉबमुळं.

स्टँडची उंची आवळायचा तो नॉब. चौथ्या महिन्यात सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आत्यांचा, फोटो काढायचा ठरला. नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन त्या खुर्चीत बसल्या. मी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि सॉफ्टबॉक्स हळूहळू खाली यायला लागला, अगदी लिफ्टसारखा, आणि त्यांच्या पदराला येऊन टेकला. आत्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "झाला का फोटो?"

उघडून बघितलं. नॉबच्या पोटात पितळी नट बसवलाय. भोवतीचं प्लास्टिक तडकलं की नॉब नुसता गरागरा फिरतो, नट जागेवरच राहतो. म्हणजे अख्खा स्टँड धातूचा आणि सगळा भार पेलायला दोन रुपयांचं प्लास्टिक! सर्व्हिसला फोन केला. व्हिडिओ पाठवा म्हणाले, पाठवला. मग बिल पाठवा. तेही पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: "मॅडम, वॉरंटी लाइट की है, स्टँड की नहीं." नॉब सुटा मिळत नाही, पूर्ण स्टँड घ्या, १,४०० रुपये. मी आमच्या लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत गेले. हार्डवेअरवाल्यानं तो बोल्ट हातात फिरवून बघितला आणि विंग नट (दोन पंखांचा, हातानं आवळायचा धातूचा नट) अन् वॉशर काढून दिलं. पंधरा रुपये. आजतागायत एक सूतभरही घसरलेला नाही.

आता लाइटचं. आमच्या वरच्या दोन खोल्यांत 'नीट'ची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी पोरं भाड्यानं राहतात. लातुरात हे घरोघरी आहे. फॉर्म सुटले की पासपोर्ट साइज आणि चार बाय सहा इंचाचा पोस्टकार्ड साइज फोटो लागतो. मागं पांढरं, चेहरा ऐंशी टक्के, कान दिसले पाहिजेत. हाच स्टुडिओचा खर्च वाचवावा म्हणून मी किट घेतला. पहिल्या आठवड्यात फोटोंवर आडवे काळपट पट्टे आले आणि मी किटला दोन तारे देऊन मोकळी झाले होते. ते इथं मागं घेते. दोष किटचा नव्हता. छतावरचा स्वस्तातला एलईडी बल्ब चालू राहिला होता. आपली वीज सेकंदाला पन्नास सायकलची, त्यामुळं असे बल्ब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या १/२५० इतकं झटपट केलं की पट्टे उमटतात. घरातले दिवे बंद केले की प्रश्न मिटला. बंद करणं जमत नसेल तर १/१०० किंवा १/५० ठेवा. माझं आता ठरलेलं आहे: पन्नास मिलिमीटरची लेन्स, तिचं तोंड (अपर्चर) एफ २.८, शटर १/१००, उजेडाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ४००.

दुसरी फजिती पांढऱ्या कापडाची. पोराला कापडापासून सहा फूट पुढं बसवलं, लाइट चेहऱ्यापासून तीन फुटांवर. कापड आलं राखाडी! मला वाटलं कापडच मळकं. पण हिशोब साधा आहे: चेहऱ्याला तीन फूट, कापडाला नऊ. अंतर तिप्पट झालं की उजेड नवव्या हिश्श्यावर येतो. म्हणून दुसऱ्या स्टँडवर घरातलाच एक जुना फ्लडलाइट लावून तो नुसता कापडाकडं वळवला. किटमध्ये स्टँड दोन आणि लाइट एक का देतात, हे मात्र देव जाणे.

रंगाबद्दल तक्रार नाही. सावळी कांती सावळीच येते, राखुंडी होत नाही. पोरांच्या आया गावाकडून फोन करून सांगतात, "जरा गोरं करून पाठवा." मी करत नाही. पण हॉलची भिंत पिस्ता रंगाची असेल तर सांभाळा. एका पोराचा डावा गाल काविळीसारखा आला होता. तिथं आता पांढरी चादर टांगते.

चष्मेवाले तर दहातले सात. काचेत अख्खा सॉफ्टबॉक्स दिसतो. लाइट वर घ्या, बाजूला सरकवा, आणि चष्म्याच्या काड्या कानावरून अर्धा इंच उचलायला सांगा. काच खाली झुकते, चमक जाते. स्टँड वर घ्यायचा म्हणजे पुन्हा तो नॉब आलाच! म्हणून एक पाय लाइटच्या वजनाखाली येईल असा ठेवते आणि त्यावर पाच किलो तूरडाळीची पिशवी. वाळूची पिशवी वेगळी विकत घेणाऱ्यांना माझा नमस्कार. लातुरात डाळीला काय तोटा!

मे महिन्यात अडॅप्टर हात लावू नये इतका तापायचा. पंख्यासमोर ठेवून भागवलं. पंख्यानं कापड हलतं, ते चिमट्यांनी बांधलं.

आत्यांचा फोटो शेवटी विंग नट बसल्यावर काढला. लाइट एका बाजूनं, डोळ्यांच्या जरा वर. डोळ्यांत लाइटची गोल चांदणी सुरेख आली, पण सुरकुती न् सुरकुती मोजता यावी अशी. त्यांनी मोबाईल लांब धरून बघितला. "लई म्हातारी दिसायले की गं मी यात." मग टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल काढला, अंधाऱ्या गालाच्या बाजूला दोन फुटांवर उभा केला आणि परत काढला. उजेड मऊ झाला, सुरकुत्या राहिल्या पण ओरडेनात. या फोटोला त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या औशाच्या बहिणीचा फोन आला, मी कधी येऊ म्हणून.

तर साडेतीन तारे. चार दिले असते, पण दुसऱ्या स्टँडचा नॉबही परवापासून किंचित मोकळा फिरायला लागलाय. विंग नट मी चार आणून ठेवलेत.